जागेत पैसे घालण्याआधी: कागद, भाडं आणि बाहेर पडायची वाट

आजचा विषय जमीन आणि फ्लॅट यांतली गुंतवणूक. आपल्याकडे निवृत्तीचा फंड हातात आला की पहिला विचार जागेचा येतो. जागा वाईट नाही. पण आयुष्यभराची पुंजी एकाच व्यवहारात जात असेल, तर तीन प्रश्नांची उत्तरं आधी हवीत.

पहिला प्रश्न: विकणारा खरंच मालक आहे का? आपण सातबारा बघतो आणि समाधान मानतो. पण सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यावर नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलेलं आहे. म्हणून मागचे फेरफार काढायचे, 'इतर हक्क' हा रकाना वाचायचा आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यायचा. वडिलोपार्जित जमीन असेल, तर बहिणी कुठे आहेत ते विचारा. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. भाऊ सह्या करून मोकळे होतात आणि दावा पाच वर्षांनी उभा राहतो. भोगवटादार वर्ग 2 ची जमीन असेल, तर सरकारी परवानगीशिवाय ती विकता येत नाही. आणि आपण शेतकरी नसाल, तर शेतजमीन परवानगीशिवाय घेताच येत नाही. 1948 चा कूळ कायदा तसं सांगतो.

इथेच एक-दोन गुंठ्यांच्या प्लॉटचा घोळ होतो. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. शेतजमिनीवर चुना मारून प्लॉट पाडतात आणि तुमचं नाव चाळीस जणांबरोबर सामाईक सातबाऱ्यावर लागतं. त्यात तुमचा तुकडा नेमका कुठला, हे कागदावर कुठेच नसतं. तुकडेबंदीत शासनाने शिथिलता दिली आहे, पण तिला अटी आहेत. आपला गट त्यात बसतो का, एनए आदेश आणि मंजूर लेआउट आहे का, नकाशात रस्ता आहे का, हे एजंटला नको, तहसील कार्यालयात विचारा.

दुसरा प्रश्न: खरा परतावा किती? हिशेब मांडू. पुण्यात 60 लाखांचा तयार फ्लॅट घेतला. पुरुषाच्या नावावर 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 4 लाख 20 हजार, वर 30 हजार नोंदणी फी. झाले साडेचौसष्ट लाख. भाडं महिना 15 हजार धरा, वर्षाचे 1 लाख 80 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 30 हजार, घरपट्टी 10 हजार आणि भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा, म्हणजे 15 हजार, वजा करा. उरले सव्वा लाख. म्हणजे वर्षाला दोन टक्केसुद्धा नाहीत! हे कर्ज काढून केलं, तर भाड्यातून हप्ता सुटत नाही, तो पगारातून जातो.

मग लोक म्हणतात, "अहो, पण भाव वाढतो ना!" वाढतो. पण दहा वर्षांत दुप्पट झाले, म्हणजे वर्षाला साधारण 7.2 टक्के. त्यातून मुद्रांक शुल्क आणि दोन्ही वेळची दलाली गेली की सहाच्या आसपास येतो. कर वेगळाच.

तिसरा प्रश्न: गरज पडली तर पैसे किती दिवसांत मोकळे होतील? एफडी मोडायला एक दिवस लागतो. जागेला गिऱ्हाईक मिळायला सहा महिनेही लागतात, वर्षही लागतं. घाईने विकायची म्हटलं की भाव समोरचा ठरवतो. घरात आजारपण आलं, तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. म्हणून दोन वर्षांचा घरखर्च आणि औषधपाण्याची रक्कम आधी बाजूला ठेवा. उरलेल्यातून जागा.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेत असाल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासा. ताबा कधीचा लिहिलाय, मुदतवाढ किती वेळा घेतली, तिथे दिसतं. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा लांबला, तर व्याज मागायचा किंवा व्याजासह पैसे परत मागायचा हक्क कायद्याने दिलाय. पण हक्क असणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं, हे लक्षात ठेवा. आदेश मिळूनही वसुलीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाचे हेलपाटे पडतात.

"आज टोकन दिलं नाही तर जाईल," असं कुणी म्हणालं, तर जाऊ द्या. जागा दुसरी मिळते. कागद तपासायला लागणारे पंधरा दिवस जो देत नाही, त्याच्याकडून घ्यायचंच नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. सातबारा बरोबर आणला असेल, तर आधी पुढे या.