पुन्हा कशाला जायचं शिबिराला?

डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या गल्लीत एक संवाद हमखास ऐकू येतो. कॉलेजातली मुलगी पिशवी भरत असते आणि आई दारात उभी राहून विचारत असते, "काहून वो, मागच्या वर्षी गेली होती ना तू? आता पुन्हा कायले?"

परवा शेजारच्या वहिनींकडे हेच चाललं होतं. त्यांची लेक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे आपण ज्याला 'एनएसएस' म्हणतो त्याचं, सात दिवसांचं निवासी शिबिर. मागच्या वर्षी वहिनींनी हौसेनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. या वर्षी मात्र घरचा कापूस वेचायचा राहिलाय, मजूर मिळत नाहीत आणि लेक म्हणते, "आई, मी या वर्षी गटप्रमुख आहे, मला जावंच लागंल." वहिनी माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच सांगा ताई, पगार नाही, पाणी नाही. यातून हिले भेटते काय?"

मैत्रिणींनो, असं विचारणाऱ्या आईला स्वार्थी म्हणणं फार सोपं आहे. पण सात दिवसांची वेचणी बुडते ती तिच्याच घरची. म्हणून या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला हवं, भाषण नव्हे.

आधी हिशेब पाहू. या योजनेत विद्यार्थी दोन वर्षांसाठी नाव नोंदवतो. वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर. तेवढं पूर्ण झालं की प्रमाणपत्र मिळतं. त्यावर विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे प्रोत्साहन गुण मिळत आले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता महाराष्ट्रात सेवा योजनेला सहअभ्यासक्रमाचे क्रेडिटही आहेत. म्हणजे पहिलं वर्ष करून दुसऱ्या वर्षी घरी बसलेल्या मुलीचे १२० तास तसेच लोंबकळत राहतात. निम्मं शिवून ठेवलेलं पोलकं कोण घालणार?

पुढची दारंही दुसऱ्या वर्षी परत येणाऱ्यांनाच जास्त उघडतात. राज्यपातळीवर आपत्ती व्यवस्थापनाचं 'आव्हान' शिबिर असतं, 'उत्कर्ष' हा सामाजिक-सांस्कृतिक महोत्सव असतो. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन संचलनासाठी देशभरातून २०० स्वयंसेवक निवडले जातात, त्यांचं तिथं महिनाभर शिबिर होतं. राष्ट्रीय पुरस्कारही आहे. तो १९९३-९४ मध्ये सुरू झाला आणि त्यात ३० स्वयंसेवकांची निवड होते. अलीकडच्या वर्षांत त्याची रक्कम एक लाख रुपये आणि सोबत रौप्यपदक अशी आहे. पण ही दारं अरुंद आहेत. देशात तीस जणांना मिळणाऱ्या लाखावर कुणी घरचा हिशेब मांडू नये.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. 'एनएसएस'मध्ये गेली की शिष्यवृत्ती मिळते, किंवा नाही गेली तर मिळत नाही, असं काही घरांत बोललं जातं. फीची शिष्यवृत्ती ही वेगळी गोष्ट आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असो, मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या असोत किंवा २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या पात्र मुलींना मिळालेली पूर्ण शुल्कमाफी असो, त्यासाठी 'महाडीबीटी'वर अर्ज करायचा असतो. उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं मुलीच्या नावाचं बँक खातं ही तयारी आधीच करून ठेवावी. शिबिरात राबलेली मुलगी कागद नाही म्हणून शिष्यवृत्तीला मुकली, असं होऊ नये.

मग सेवेचा आणि शिक्षणाच्या पैशाचा काहीच संबंध नसावा का? हा विचार आपल्याकडे जुना आहे. १९५९ मध्ये डॉ. सी. डी. देशमुखांच्या अध्यक्षतेखाली एक राष्ट्रीय सेवा समिती नेमली होती. पदवीआधी नऊ महिने ते वर्षभर सेवा सक्तीची करावी, असं समितीचं मत पडलं. ती सक्ती झाली नाही, खर्चही झेपणारा नव्हता. शेवटी गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह ही योजना सुरू झाली, ती ऐच्छिक म्हणून. तिचं बोधवाक्य 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' अशा अर्थाचं आहे.

अमेरिकेनं वेगळी वाट धरली. तिथं १९९३ च्या कायद्यानं 'अमेरिकोर' नावाची सेवायोजना आली. पूर्ण वेळाची सेवा म्हणजे साधारण १७०० तास. ती संपली की फी भरायला किंवा शैक्षणिक कर्ज फेडायला ठरावीक रक्कम मिळते. पुन्हा सेवेला आलं तर पुन्हा मिळू शकते, मात्र आयुष्यात एकूण दोन पूर्ण रकमांइतकीच. सेवा करणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचा भार समाजानं थोडा उचलावा, हे तिथं कायद्यात लिहिलंय. आपल्याकडे ते कुणीतरी मनावर घ्यावं लागतं.

आता जबाबदारीचं. 'गटप्रमुख' हा शब्द ऐकून वहिनींना वाटलं, मिरवायचं काम असेल. गेल्या वर्षी एका शिबिरात मला महिलांच्या आरोग्यावर बोलायला बोलावलं होतं, तेव्हा दोन दिवस मी ते जवळून पाहिलं. पहिल्या वर्षाच्या मुली प्रभातफेरीत गाणी म्हणत होत्या, वनराई बंधाऱ्यासाठी पोत्यांत माती भरत होत्या, रात्री नाटुकली करत होत्या. दुसऱ्या वर्षाच्या मुली पहाटे चारला उठून पाणी तापवत होत्या. पोळ्या किती लागतील, कुणाला ताप आहे, कुणाची पाळी आली आहे, कुणाला घरची आठवण येऊन रडू फुटलंय, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात. रात्री एक मुलगी उलट्या करू लागली. तिची गटप्रमुख घाबरली नाही. मीठ-साखरेचं पाणी पाजलं, मॅडमला उठवलं, गावातल्या आशाताईंना बोलावून आणलं. कोण कुठं राहतं, हे तिनं पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं. मी विचारलं, "हे कुणी शिकवलं गं?" ती म्हणाली, "मागच्या वर्षी मीच आजारी पडले होते. तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं."

दुसऱ्यांदा परत जाण्याचा अर्थ मला त्या एका वाक्यात कळला. पहिल्या वर्षी मुलगी स्वतःसाठी जाते, आणि त्यात काही वाईट नाही. दुसऱ्या वर्षी ती दुसरीसाठी जाते.

गावाच्या बाजूनंही पाहा. शिबिराची मुलं येतात, सात दिवस गाव झाडतात, शोषखड्डे खोदतात आणि निघून जातात. पुढच्या वर्षी सगळी नवी तोंडं आली तर गाव पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. त्याच सर्वेक्षणात त्याच घरी तेच प्रश्न. मागच्या वर्षी शाळा सोडलेली मुलगी यंदा शाळेत आहे की तिच्या लग्नाची बोलणी चालली आहेत, हे परत आलेलीलाच विचारता येतं. ती मुलगी अठराच्या आत असेल तर १०९८ या चाइल्डलाइनवर कळवता येतं, हेही अशा मुलींना ठाऊक असतं. आपल्या जिल्ह्याला ही परत जाण्याची रीत काही नवी नाही. शेगावला गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी आपापल्या पाळीनं येतात, सेवा करतात आणि घरी जातात. तिथल्या व्यवस्थेचं आपण कौतुक करतो, पण ती चालते पुन्हा पुन्हा येणाऱ्या हातांवर.

मग या मुलींसाठी आपण काय करू शकतो? आमच्या बचत गटानं एक छोटा प्रयोग केला. आम्ही अठरा जणी. महिन्याला प्रत्येकी वीस रुपये वेगळे काढले, वर्षाला ४,३२० रुपये झाले. त्यातून दुसऱ्या वर्षी शिबिराला परत जाणाऱ्या एका गरजू मुलीची परीक्षा फी आणि पुस्तकं. पहिल्या वर्षी आमची चूक झाली. पैसे देतोय म्हणून अटी किती घातल्या! दर महिन्याला अहवाल, दर बैठकीला हजेरी, भाषण. ती पोरगी बिचारी कंटाळली, आणि चौथ्या महिन्यात येईनाशी झाली. आम्ही रुसलो. मग एक वयस्कर सभासद म्हणाली, "बाई, आपण फी देली, का पोरगी इकत घेतली?" सगळ्या गप्प झालो. आता अट एकच आहे. शिबिर संपल्यावर वर्षभरात दोनदा त्या गावी जायचं आणि तिथल्या मुलींशी बोलून यायचं. जाण्यायेण्याचं एस.टी.चं भाडं गटाचं.

ज्या आया मुलीला पाठवायला कचरतात, त्यांनी कॉलेजात जाऊन बेधडक विचारावं. सोबत महिला कार्यक्रम अधिकारी आहेत का? मुलींच्या झोपण्याची सोय कुठं, संडास-न्हाणीघर कसं? जवळचा दवाखाना किती लांब? रात्री फोन कुणाला करायचा? हे विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. आणि मुलीला तासांची डायरी वेळच्या वेळी भरून सही घ्यायला सांगावं, नाहीतर वर्षअखेरीस धावपळ होते.

वहिनींना मी हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आतल्या खोलीकडे पाहून मोठ्यानं म्हणाल्या, "मोबाइल ठेव तो! उद्यापासून सात दिवस कापूस वेचायले तू जाशील." आतून बारावीतला भाऊ कुरकुरला, पण गेला. तेवढी वाटणी घरात झाली असती तर हा वाद उठलाच नसता, असं मला वाटून गेलं.

शिबिराहून परत आल्यावर लेक सांगत होती. गावात शिरताच एका आजीबाईंनी तिचा हात धरून विचारलं, "मांगच्या सालची तूच ना वो माय? मले वाटलं, तुमी काई पुन्हा येत नसान."

वहिनींनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "भेटलं वो काहीतरी."