खाऱ्या वाऱ्यातला अनंत

हर्णे म्हटले की मासळीचा लिलाव आणि समोर पाण्यात उभा सुवर्णदुर्ग. फुलझाडांसाठी या गावाचे नाव कोणी घेत नाही. पण मे सरताना वरच्या अंगाच्या घरांमागे, जांभ्याच्या गडग्याआड, अनंत बहरतो. बारमाही हिरवे, चकचकीत पानांचे हे झुडूप कोकणात फार जिव्हाळ्याने लावले जाते. समुद्राच्या इतक्या जवळ मात्र ते आपोआप जगत नाही, जागा पारखून जगवावे लागते.

अनंताचा मूळ मुलूख दक्षिण चीन, तैवान आणि जपानकडचा. जॉन एलिस यांनी १७६१ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख करून दिली. त्याच्या वंशाला गार्डेनिया हे नाव पडले ते अमेरिकेतल्या चार्ल्स्टनमधील डॉक्टर अलेक्झांडर गार्डन यांच्यावरून. तरी हे घराणे आपल्याला परके नाही. दात येणाऱ्या बाळासाठी घराघरांत ठेवली जाणारी डिकेमाली हा याच वंशातल्या, आपल्या पानझडी रानातल्या झाडांचा डिंक आहे. कॉफी आणि कदंब हेही त्याच मोठ्या कुळातले.

एकेरी पाकळ्यांच्या अनंताला नारिंगी फळे धरतात. केशराला रंग देणारे क्रोसिन त्यांत असते, आणि जपानात मुळ्याचे लोणचे या फळांनी पिवळे करतात. आपल्या परसातला अनंत बहुधा दुहेरी. त्याच्या फुलात पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून त्याला सहसा बी धरत नाही. म्हणजे तुमच्या दारचे झाड हे दुसऱ्या कुणाच्या तरी झाडाची फांदी आहे. माणसाने ती उतरवून लावली नाही, तर त्या झाडाबरोबर तो वाण तिथेच संपतो. मला या झाडाबद्दल सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

दापोली भागात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो जमिनीतला चुना धुऊन नेतो आणि जांभ्याची लाल माती आम्ल होते. अनंताला नेमकी अशीच माती लागते. सामू ५ ते ६ च्या दरम्यान असला की मुळांना लोह मिळते. किनाऱ्यालगतच्या पुळणीत शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुनाच. तिथे लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नव्या बांधकामाच्या भिंतीशी सिमेंटचा राडा पडलेला असेल तरी हेच होते. चुलीतली राख अनंताच्या आळ्यात टाकू नये, तीही चुन्याच्याच वळणाची. पिवळेपणा दिसला तर चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून मुळाशी द्यावा. खारवलेल्या मासळीचा कचरा मात्र कधीही घालू नये; कुजलेले शेणखत, पालापाचोळा आणि थोडी शेंगदाण्याची पेंड पुरते.

वारा हा इथला खरा वैरी. पश्चिमेचा खारा वारा कोवळी पालवी करपवतो, कळ्या गळतात. म्हणून झाड घराच्या पूर्वेला लावावे: सकाळचे ऊन मिळते आणि समुद्राकडून घराचा आडोसा होतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ होत असेल, तर अनंतासाठी वेगळे गोडे पाणी राखावे. पाण्यात खंड पडला तरी कळ्या गळतात.

आता रोपांविषयी. माझा कौल गुटी कलमाला. मिरगाचा पाऊस लागला की पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडावी. तिची इंचभर साल गोलाकार काढून आतला बुळबुळीत थर खरवडून टाकावा, नाहीतर साल पुन्हा सांधते आणि मुळे फुटत नाहीत. वरच्या कापाला मुळे फुटण्याची पावडर लावावी. त्यावर भिजवून पिळलेले शेवाळ किंवा नारळाचा भुसा गुंडाळून प्लास्टिक दोन्ही टोकांना घट्ट बांधावे. सहा ते आठ आठवड्यांत पांढरी मुळे दिसू लागतात. ती तांबूस होऊ लागली की गुटीखाली फांदी कापून रोप पिशवीत लावावे आणि काही आठवडे सावलीत ठेवावे. फाटेही लागतात. चार-पाच इंचांचा अर्धवट जून फाटा घ्यावा, वरची दोन पाने ठेवून तीही निम्मी कापावी आणि वाळूत खोचावा. पण सतत भिजल्या वाळूत फाटे कुजतात, म्हणून ते पागोळीपासून दूर ठेवावेत.

पानांवर काळी काजळी दिसली तर ती पुसून भागत नाही. पानामागे खवले कीड, पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी असते, तिच्या चिकट स्रावावर ती बुरशी वाढते. तिथे साबणाचे सौम्य पाणी किंवा निंबोळी अर्क फवारावा. शेपटीशी शिंग असलेली हिरवी अळी पाने खाताना दिसली तर हाताने उचलून बाजूला ठेवावी. पारदर्शक पंखांचा, दिवसा फुलांवर भिरभिरणारा एक देखणा पतंग त्याच अळीतून होतो. तिच्यावर विष फवारणे मला मुळीच पटत नाही.

छाटणी बहर संपताच, पावसाळ्यातच उरकावी. दिवाळीनंतर कात्री लावली तर पुढच्या बहराच्या कळ्याच कापल्या जातात.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर माड आणि पोफळी आडव्या केल्या. माडाचे रोप नारळापासून पुन्हा करता येते, दुहेरी अनंताला तशी सोय नाही. तुमच्या दारी जुना अनंत असेल, तर येत्या मिरगाला त्याला दोन गुट्या बांधा. एक रोप घरी ठेवा, दुसरे समुद्रापासून लांब राहणाऱ्या नातेवाइकांकडे पाठवा.