हप्ता गाडीचा, झोप चालकाची

रात्री आपल्या वस्तीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाड्या पाहा. छोटा हत्ती, पिकअप, रिक्षा, एखादा ट्रक. त्यातल्या बऱ्याचशा हप्त्यावरच्या असतात. या पानावर आपण साखर, रक्तदाब, पंडुरोग यांविषयी वाचतो. गाडीचा हप्ता हा काही आजार नाही. पण चालकाला आजारी पाडण्यात त्याचा मोठा वाटा असतो, म्हणून आज त्याविषयी बोलू.

हे नीट समजण्यासाठी आधी अमेरिकेतल्या ट्रकचालकांकडे बघावे लागेल. तिथले मोठे चकचकीत ट्रक आपली पोरे मोबाइलवर रोज पाहतात. त्यातले काही ट्रक ‘लीज-परचेस’ नावाच्या व्यवहाराने चालतात. या व्यवहाराचे चालकावर काय परिणाम होतात, हे तिथल्या कोर्टात आणि सरकारी समितीसमोर उघड झाले आहे.

व्यवहार कसा असतो?

माल वाहणारी कंपनी चालकाला सांगते, “तुझ्याकडे भांडवल नाही, हरकत नाही. आमचा ट्रक भाड्याने घे, दर आठवड्याला पैसे भर, काही वर्षांनी ट्रक तुझा.” चालक सही करतो. त्या दिवसापासून तो कंपनीचा नोकर राहत नाही, कागदावर ‘स्वतंत्र व्यावसायिक’ होतो. पण बहुतेक वेळा ट्रक चालवायचा त्याच कंपनीसाठी. कोणती खेप कोणाला द्यायची, हेही तीच कंपनी ठरवते.

आठवड्याच्या कमाईतून आधी ट्रकचे भाडे कापले जाते. मग डिझेल, विमा, दुरुस्तीसाठीची ठेव. उरेल ते चालकाचे. खेपा कमी मिळाल्या किंवा ट्रक गॅरेजमध्ये गेला, तर काहीच उरत नाही. उलट, त्याच्याच नावावर बाकी चढते. करार मध्येच तुटला तर ट्रक कंपनीकडे परत जातो आणि भरलेले पैसे बुडतात. काही करारांत शेवटी मोठी एकरकमी रक्कम भरल्याशिवाय ट्रक नावावर होत नाही.

म्हणजे धोका मालकाचा आणि हुकूम नोकराला, असे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येते. आजारी पडल्यावर पगारी रजा नाही, कंपनीकडून आरोग्य विमा नाही.

पैसे कमी पडले की शरीर भरते

अमेरिकेत ट्रक चालवण्याच्या वेळेचा कायदा आहे. सलग १० तास विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. ८ तास चालवल्यावर अर्धा तास थांबावे लागते. बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये हे तास मोजणारे यंत्र बसवलेले असते.

पण घड्याळ फक्त तास मोजते. गोदामाबाहेर माल भरण्यासाठी चार-पाच तास ताटकळलेल्या चालकाचे ते तास १४ तासांतच जातात. त्या वेळेचे पैसे अनेकदा मिळत नाहीत, किंवा फार थोडे मिळतात. मग राहिलेल्या वेळात मैल भरून काढायचे असतात. जेवण स्टिअरिंगवर होते. लघवीला थांबायला लागू नये म्हणून पाणी कमी प्यायले जाते. झोप कधी दिवसा, कधी रात्री, तीही तुटक.

अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने २०१० मध्ये लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांची पाहणी केली. ती फक्त लीजवरच्या चालकांची नव्हती, सगळ्यांचीच होती. त्यात ६९ टक्के चालक लठ्ठपणाच्या गटात निघाले, ५१ टक्के सिगारेट ओढणारे आणि ३८ टक्क्यांकडे आरोग्य विमाच नव्हता. बैठे काम, अवेळी खाणे आणि अपुरी झोप यांमुळे मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो, हे डॉक्टर नेहमी सांगतात.

तिथे चालकाला ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षांचे मिळते. रक्तदाब जास्त निघाला तर मुदत कमी होते किंवा गाडीच थांबते. नियम चांगला आहे. पण ज्याच्या डोक्यावर दर आठवड्याचे भाडे आहे, त्याला डॉक्टर म्हणजे ट्रक काढून घेणारा माणूस वाटू लागतो. मग घोरणे, छातीतली कळ, पायांच्या मुंग्या लपवल्या जातात.

कोर्ट आणि समिती काय म्हणाली?

डॉमिनिक ऑलिवेरा नावाच्या चालकाने आपल्या कंपनीवर दावा केला. म्हणणे असे, की आपल्याला स्वतंत्र व्यावसायिक म्हणवून किमान वेतनापेक्षाही कमी पैसे दिले. कंपनी म्हणाली, करारानुसार हे भांडण कोर्टात आणताच येत नाही, खाजगी लवादाकडे जा. १५ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने चालकाच्या बाजूने निकाल दिला. कागदावर ‘स्वतंत्र’ लिहिले म्हणून असा वाहतूक कामगार लवादात ढकलता येणार नाही, असा त्याचा अर्थ. पुढे दावा तडजोडीने मिटला.

२०२१ च्या एका कायद्यानुसार अशा करारांची चौकशी करायला सरकारी समिती नेमली गेली. चालकांचे म्हणणे ऐकून, करार तपासून २०२५ च्या सुरुवातीला तिने संसदेला शिफारस केली, की लीज-परचेस योजनांवर बंदीच घाला.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे बहुतेक जण बँकेचे किंवा फायनान्सचे कर्ज काढून गाडी घेतात. आरसीवर नाव आपले असते, बोजा फायनान्सचा असतो. पण रोजचे ठरावीक पैसे भरत राहा, काही वर्षांनी गाडी तुमची, अशा लीजच्या योजना आपल्या शहरांतल्या टॅक्सी धंद्यातही आल्या. दोन्हीकडचे गणित एकच. कमाई कमी-जास्त होते, हप्ता होत नाही.

समजा, हप्ता महिन्याला २४,००० रुपये आहे. म्हणजे दिवसाला ८००. ताप येऊन चार दिवस घरी बसलात तर चार दिवसांचा धंदा बुडालाच, वर ३,२०० रुपये अंगावर. म्हणून माणूस तापातही गाडी काढतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने नोकरीवरच्या चालकासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. स्वतःच्या हप्त्याच्या गाडीवर बसलेल्या माणसाचे तास मात्र कोणी मोजत नाही. ते त्यालाच मोजावे लागतात.

आणि मोजणे गरजेचे आहे. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात सुमारे ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो. आपल्या कायद्यात गाडी चालवताना मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे ५ ला उठलेला चालक रात्री १० वाजता एक थेंबही न पिता त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत असतो. ताशी ८० किलोमीटर वेगात ४ सेकंद डुलकी लागली, तर गाडी जवळजवळ ९० मीटर चालकाशिवाय जाते. चहा, तंबाखू किंवा जागे राहण्याच्या गोळ्या झोपेची जागा घेऊ शकत नाहीत. त्या फक्त झोप आल्याचे कळू देत नाहीत.

सही करण्याआधी विचारा

• आरसी कोणाच्या नावावर राहणार? गाडीच्या विम्यातले ‘मालक-चालक’ अपघाती संरक्षण नोंदणीकृत मालकाला मिळते. आरसी कंपनीच्या नावावर असेल तर ते तुमच्या घरच्यांना मिळणार नाही. वेगळा अपघात विमा काढा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते.
• मध्येच सोडले तर भरलेल्या पैशांचे काय? दुरुस्ती कोणाची? हॉल्टिंगचे पैसे मिळणार का? तोंडी नको, लेखी घ्या.
• महिन्याला २२ दिवसच धंदा झाला असे धरून हप्ता बसतो का ते पाहा. ३० दिवस चालवल्याशिवाय हप्ता बसत नसेल तर ती गाडी तुम्हाला परवडणारी नाही.
• एक-दोन हप्त्यांएवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय गाडी घेऊ नका. ती दुखण्याच्या दिवसांसाठी.

घरच्यांनी काय पाहावे?

चालकाला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही, बायकोला किंवा आईला येते. जोरात घोरणे, मध्येच श्वास अडकून दचकणे, सकाळी डोके जड, दिवसा बसल्या बसल्या पेंग, ही झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची लक्षणे असू शकतात. त्यावर उपचार आहेत. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या छातीविकार विभागात दाखवा.

तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब, साखर आणि डोळे तपासून घ्या. रक्तदाब आणि साखर जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासून मिळते. आजार लवकर सापडला तर गोळ्या सुरू होतात आणि गाडी चालू राहते. लपवला तर एके दिवशी गाडीही थांबते आणि कमाईही.

चालकाला २४ तासांत सात तास झोप हवी. दिवसा झोपणाऱ्यासाठी खोली अंधारी ठेवा, पोरांना बाहेर खेळू द्या, फोन दुसऱ्याने उचला. आणि हप्त्याची तारीख जवळ आली म्हणून “आज अजून एक ट्रिप मार” असे घरातून कोणी म्हणू नका. एक हप्ता चुकला तर दंड बसतो, फायनान्सवाल्याशी बोलून मुदत मागता येते. झोपेअभावी झालेल्या अपघाताला मुदत मागता येत नाही.