ब्लॉगचं अपग्रेड : आधी नक्कल, मग बटण

मंडळी, विषय तांत्रिक आहे, पण आपण पावसचंच उदाहरण घेऊन तो समजून घेऊ. समजा, इथल्या एखाद्या हापूस बागायतदाराने वर्डप्रेसवर स्वतःचा ब्लॉग चालवला आहे. मोहोर कधी आला, फवारणी कधी केली, अवकाळी पाऊस कधी पडला, पहिली पेटी कधी गेली, अशी दहा वर्षांची नोंद त्यात आहे. ही नोंद दुसरीकडे कुठेही नाही. आणि एके दिवशी पडद्यावर पट्टी दिसते : नवी आवृत्ती उपलब्ध आहे. बटण दाबायचं का?

दाबायचं. पण बटण दाबल्यावर नेमकं काय बदलतं, ते आधी पाहू.

वर्डप्रेस २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी एका जुन्या प्रणालीच्या आधारे सुरू केलं. त्यावर चालणाऱ्या ब्लॉगचे दोन भाग असतात. एक म्हणजे फाइली : मूळ प्रणाली, थीम, प्लगिन आणि आपण चढवलेले फोटो. दुसरा म्हणजे डेटाबेस : आपला सगळा मजकूर, वाचकांचे अभिप्राय आणि सेटिंग. अपग्रेडमध्ये मूळ प्रणालीच्या फाइली बदलतात, आणि कधीकधी डेटाबेसची रचनाही. म्हणून बॅकअप दोन्हींचा लागतो. नुसत्या फाइली घेतल्या तर घर मिळेल, माणसं नाहीत.

मग जुन्यावरच का राहू नये? कारण वर्डप्रेसचा कोड सर्वांसाठी खुला आहे. एखादं भगदाड बुजवलं की ते कुठे होतं हेही सगळ्यांना कळतं, आणि ज्यांनी बुजवलं नाही त्यांच्याकडे चोर वळतात. आवृत्तीच्या क्रमांकातला तिसरा आकडा अशा किरकोळ दुरुस्त्यांचा असतो. २०१३ सालच्या ३.७ पासून त्या आपोआप बसतात, ती सोय बंद करू नये. पहिले दोन आकडे बदलले तर मात्र स्वतः लक्ष घालावं. २०१८ च्या अखेरीस ५.० आली तेव्हा लिहिण्याची खिडकीच बदलली होती.

आता मराठीचा खास प्रश्न. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-वेलांटीसुद्धा. होस्टिंग बदलताना डेटाबेसची संकेतपद्धती चुकली तर दोन प्रकार घडतात. मजकुराच्या जागी परकी रोमन चिन्हं दिसली तर घाबरू नका. बाइट बहुधा शाबूत असतात, वाचण्याची पद्धत चुकलेली असते. पण प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर हात आवरा, काहीही जतन करू नका. जोडणीची सेटिंग चुकली असेल तर आत मजकूर असतो. पण डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हंच साठवली गेली असतील तर मूळ अक्षरं गेली. बॅकअपशिवाय ती परत येत नाहीत.

जुन्या मायएसक्यूएलच्या 'यूटीएफ८' मध्ये तीनच बाइट मावत. त्यामुळे चार बाइटचा इमोजी आला की काही वेळा पुढचा मजकूर तुटायचा. २०१५ च्या ४.२ पासून वर्डप्रेस चार बाइटची पद्धत वापरतं.

दुसरी गोष्ट लेखाच्या पत्त्याची. पत्त्यात देवनागरीच्या एका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. 'पावस' मध्ये चार चिन्हं, म्हणजे छत्तीस. 'रत्नागिरी' मध्ये नऊ, म्हणजे एक्क्याऐंशी. वर्डप्रेसमध्ये यासाठी दोनशे अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. लांब शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो. म्हणून नव्या लेखाला छोटा पत्ता स्वतः द्यावा. जुने पत्ते मात्र बदलू नयेत, नाहीतर लोकांनी जपून ठेवलेले दुवे मोडू शकतात.

आता क्रम. फाइली आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या. तो होस्टिंगवरच ठेवू नका. फक्त घरच्या संगणकावरही नको, पावसाळ्यातली वीज आपल्याला नवी नाही. एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. मग त्या बॅकअपवरून वेगळ्या जागी ब्लॉग उभा करून पाहा. उभा राहिला तरच तो बॅकअप. त्या नकलेवरच आधी अपग्रेड करा, जोडाक्षरांचे आणि फोटोंचे चार-पाच जुने लेख उघडून तपासा. न वापरलेले प्लगिन काढून टाका. थीममध्ये फेरफार केले असतील तर ते चाइल्ड थीममध्ये हलवा, नाहीतर थीमच्या अपडेटमध्ये पुसले जातील. हे सगळं जमलं की मूळ ब्लॉगवर तेच करा. पीएचपीची आवृत्ती शेवटी बदला, कारण जुने प्लगिन तिथेच अडतात.

नकलांची ही काळजी मराठीला नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या नकलांमध्ये शिरलेले अपपाठ एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केले. जुन्या प्रती शिल्लक होत्या म्हणून पाठ पडताळता आला. आपल्या मोहोराच्या नोंदींची दुसरी प्रत आपणच केली नाही, तर पडताळायला काहीच उरणार नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर अपग्रेड करू नका, फक्त बॅकअप घ्या. बटण पुढच्या आठवड्यातही तिथेच असेल.