अक्रोडाचे लाकूड, पटाशी आणि यंत्र

श्रीनगरहून परतताना अक्रोडाच्या लाकडाची कोरीव पेटी न आणणारा प्रवासी विरळाच. तिच्यावरील चिनाराची पाने हाताने कोरली की यंत्राने, हा प्रश्न मात्र आपण दुकानदारावर सोपवतो. वास्तविक उत्तर पेटीतच असते.

अक्रोडाचे झाड काश्मीरमध्ये पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाही. मुळाकडील लाकूड सर्वांत गडद व महाग, फांद्यांचे फिके व स्वस्त. फळ्या दीर्घकाळ सावलीत सुकल्यावरच नक्काश त्यांना हात लावतो. ओंडका चिरणे, फळी सपाट करणे, जाळीकामासाठी आरंभीची छिद्रे पाडणे ही कामे विजेच्या करवतीने, रंध्याने वा गिरमिटाने केली तर कलेचे काही बिघडत नाही. ज्या कामात केवळ दंड भरून येतात, ते विजेवर सोपवावे, असे आम्हांस वाटते.

खरा पेच कोरण्याचा आहे. संगणकनियंत्रित यंत्राचे फिरते पाते सामान्यतः वरून खाली उतरते. पाकळीच्या पोटाखालचे लाकूड त्यास काढता येत नाही; आणि काश्मिरी नक्षीतील अवघड व मोलाचा प्रकार नेमका तोच, ज्यात पाने-फुले पृष्ठापासून सुटून वर आल्यासारखी भासतात. पाते गोल फिरत असल्याने आतील कोपरे किंचित गोलसर राहतात. पटाशी तेथे रेखीव कोन साधते. नक्काश लाकडाच्या शिरांचा कल पाहून पटाशीची दिशा बदलतो. यंत्र शिरा पाहत नाही. मग उठलेले तंतू पॉलिशपेपरने घासावे लागतात व नक्षीच्या कडा बोथट होतात. तेव्हा खरेदीपूर्वी पाकळीखाली नख घालून पाहावे, आणि त्याच नक्षीची दुसरी पेटी शेजारी ठेवावी. रेघ न् रेघ जुळली, तर ते यंत्राचे काम समजावे. यंत्राचे काम स्वस्त मिळाले तर तक्रार नाही. ते हस्तकलेच्या नावाने विकले जाते, तेव्हा खऱ्या नक्काशाच्या कित्येक दिवसांच्या श्रमाचे मोल घसरते.

कारागिरांसाठी आणखी एक बाब. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा समावेश असून पात्र कारागिरास पाच टक्के व्याजाने, दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज व अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद आहे. पटाशीने ढलप्या निघतात, विजेच्या हत्याराने मात्र बारीक धूळ उडते, आणि लाकडाची धूळ कर्करोगास कारण ठरते हे सिद्ध झाले आहे. यंत्राचे अंदाजपत्रक करताना धूळ ओढून घेणाऱ्या पंख्याची व चांगल्या मुखपट्टीची किंमतही त्यात धरावी.