लिनक्स संगणकाला मॉडेमची जोड

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्यानंतर कित्येक वर्षे घरचा किंवा शाळेचा संगणक इंटरनेटशी जोडला जाई तो बहुधा दूरध्वनीच्या तारेवरून, मॉडेमच्या साहाय्याने. संगणकाला अंकांची भाषा कळते. दूरध्वनीची व्यवस्था मात्र माणसाच्या आवाजासाठी, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांच्या ध्वनीसाठी आखलेली. अंकांचे ध्वनीत आणि ध्वनीचे पुन्हा अंकांत रूपांतर करणे हे मॉडेमचे कार्य होय.

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेली लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळत असल्याने तुटपुंज्या निधीवर चालणाऱ्या संस्थांना ती सोयीची होती. परंतु ती बसविताच मॉडेम मुका होतो, असा अनुभव अनेकांना आला आणि दोष लिनक्सच्या माथी मारला गेला. तो न्याय्य नव्हता.

खर्च वाचविण्यासाठी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक उत्पादकांनी मॉडेममधील आकडेमोड करणारे भाग काढून टाकले व ते काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर सोपविले. अशा स्वस्त मॉडेमला ‘विनमॉडेम’ म्हणत. कारण त्याचे उरलेले अर्धे अंग म्हणजे केवळ विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली. यंत्राचा अंतर्गत तपशील उत्पादक सहसा उघड करीत नसत. मग लिनक्ससाठी तशी आज्ञावली इतरांनी लिहावी कशी? ल्युसेंटसारख्या काही चिपसाठी ती पुढे मिळू लागली; तथापि तिचाही महत्त्वाचा भाग बंदिस्तच राहिला.

यावर खात्रीचा एक उपाय होता. सीरियल पोर्टला जोडावयाचे बाह्य मॉडेम घेणे. ते महाग पडे, पण स्वयंपूर्ण असे. विंडोजमधील ‘कॉम-१’ हे पोर्ट लिनक्समध्ये ‘टीटीवायएस-०’ या नावाने ओळखले जाते. ते वापरण्याची परवानगी वापरकर्त्यास द्यावी लागते. ती नसल्यामुळेही पुष्कळांची जोडणी अडत असे. नंतर ‘एटी’ ही अक्षरे पाठवावीत. ‘ओके’ असे उत्तर आले की यंत्र जागे आहे असे समजावे. स्थानिक एक्स्चेंजचा डायल-टोन मॉडेमला ओळखता आला नाही, तर ‘एटीएक्स-३’ ही आज्ञा देऊन टोनची वाट न पाहता क्रमांक फिरविता येतो.

क्रमांक लागल्यावर ‘पीपीपी’ ही आज्ञावली नाव व परवलीचा शब्द देऊन संबंध जोडते. संबंध जुळूनही पाने उघडत नसतील, तर मॉडेमला बोल लावू नये; बहुधा नावांवरून पत्ते शोधणाऱ्या सर्व्हरची नोंद राहिलेली असते.

अमेरिकेतील एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. सुस्थितीतील बाह्य मॉडेम मात्र आजच्या लिनक्सवरही ‘एटी’ला ‘ओके’ असेच उत्तर देते. विनमॉडेमच्या जुन्या आज्ञावल्या नव्या आवृत्त्यांवर सहसा चालत नाहीत.