चाळिशीतले विद्यार्थी : अभ्यास, संसार आणि प्रकृती

परीक्षेचे दिवस जवळ आले, की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे विद्यार्थी येऊ लागतात. पहिल्या प्रकारच्या विद्यार्थ्यांना आई-वडील हाताला धरून आणतात. त्यांच्या झोपेची, भुकेची, चष्म्याच्या नंबराची सारे घर चिंता वाहत असते. दुसऱ्या प्रकारचे विद्यार्थी एकटेच येतात, तेही काम सुटल्यावर. आणि आपण विद्यार्थी आहोत, हे तपासणी संपत येईपर्यंत सांगत नाहीत. आजचा लेख या दुसऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एक बाई माझ्याकडे आल्या. वय बेचाळीस, एका पतसंस्थेत नोकरी, थोरला मुलगा दहावीत, धाकटी पाचवीत. डोके दुखते, जिना चढताना धाप लागते, वाचलेले डोक्यात राहत नाही, अशा तक्रारी. शेवटची तक्रार ऐकून मी विचारले, तेव्हा त्या संकोचाने म्हणाल्या, "मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतेय, मॅडम. पदवी नाही म्हणून बढती अडली आहे." रोज रात्री अकरा ते दीड अभ्यास आणि पहाटे पाचला डब्यांची तयारी, असा त्यांचा क्रम होता. बाहेर रुग्णांची रांग होती. मी रक्तदाब पाहिला, डोकेदुखीची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "ताई, एवढी ओढाताण कशाला? यंदा अभ्यास सोडून द्या."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नोकरी सोडता येत नाही, मुलं सोडता येत नाहीत. सोडता येण्याजोगं एवढंच आहे. पण माझं स्वतःचं म्हणावं असंही एवढंच आहे."

वाचकहो, तपासणीपूर्वीच सल्ला देणे ही वैद्यकातील मोठी चूक, आणि ती मी केली होती. मी त्यांना पुन्हा बसवले आणि रक्ततपासणी सांगितली. हिमोग्लोबिन निघाले ८.६. स्त्रियांमध्ये ते १२ च्या खाली असले, की आपण पंडुरोग किंवा ॲनिमिया म्हणतो. पाळीत रक्तस्राव जास्त होत होता आणि त्या 'वय झालं' म्हणून तो सोसत होत्या. शिवाय जवळचे अक्षर दिसण्यासाठी पुस्तक हातभर लांब धरावे लागत होते. म्हणजे ज्या थकव्याचे खापर मी अभ्यासावर फोडले, त्याचे बरेचसे मूळ रक्तात, डोळ्यांत आणि झोपेत होते.

आधी शरीराची हजेरी घ्या

प्रौढपणी प्रवेश घेताना आपण गुणपत्रिका, दाखला, छायाचित्रे सारे गोळा करतो; शरीराची कागदपत्रे मात्र कोणी पाहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. म्हणून हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, आणि शाकाहारी असाल तर बी-१२ ही तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या. लोहाची गोळी सुरू झाल्यास ती चहाबरोबर घेऊ नका. चहा लोहाचे शोषण कमी करतो. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवा. उसळीवर लिंबू पिळा. शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरू नका. हिमोग्लोबिन वाढले म्हणून गोळ्या लगेच थांबवू नका. शरीरातील साठा भरून येण्यास आणखी काही महिने लागतात.

आणि डोळे! आपल्या भाषेने जवळच्या चष्म्याला 'चाळिशी' हे नाव उगीच दिलेले नाही. चाळिशीच्या आसपास डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते. चष्मा न लावता रात्री बारीक अक्षर वाचले, की डोके दुखते आणि मनुष्य समजतो, आपल्याला अभ्यास झेपत नाही.

झोप चोरून अभ्यास होत नाही

प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप लागते. दिवसभरात शिकलेले स्मृतीत पक्के होण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेतच होते. तेव्हा दीड वाजेपर्यंत जागून वाचलेली पाने आपण स्वतःच पुसत असतो. जागण्यासाठी घेतलेल्या चहा-कॉफीतील कॅफीन पाच-सहा तासांनंतरही निम्मे शरीरात उरते. म्हणून संध्याकाळनंतर ते टाळावे. अपुऱ्या झोपेवर सकाळी दुचाकी चालवणे हे तर सरळसरळ अपघाताला आमंत्रण आहे.

मग वेळ आणायचा कोठून? माझ्या त्या रुग्णबाईंनी आठवडाभर वहीत वेळेचा जमाखर्च लिहिला. बँकेचे हिशेब करणाऱ्या हाताला ते सोपे गेले. एस.टी.च्या प्रवासातली पंचवीस मिनिटे, जेवणाच्या सुटीतली पंधरा, मुलांच्या शिकवणीचा एक तास, असे तुकडे सापडले. एका बैठकीत चार तास वाचण्यापेक्षा तोच भाग चार दिवसांत थोडा थोडा करणे स्मरणासाठी अधिक चांगले, हे अभ्यासपद्धतीवरील संशोधनात पुनःपुन्हा दिसले आहे. तसेच, वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणे अधिक उपयोगी. बसमध्ये पुस्तक उघडता येत नसेल, तरी कालचे पाच मुद्दे मनात आठवता येतात.

मुक्त शिक्षणातील मोकळीक वापरा

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले ते अशाच कामकरी विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून. त्याच्याही मागे आपल्याकडे मोठी परंपरा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते आणि सत्रान्त परीक्षा जून व डिसेंबर अशा दोनदा होतात. आपल्या विद्यापीठाचे नियम अभ्यासकेंद्रात नीट विचारून घ्या. घरात दहावीचे वर्ष असेल, कोणाचे आजारपण असेल, तर त्या वर्षी कमी विषय द्यावेत. 'यंदा सोडून द्या' या माझ्या सल्ल्याऐवजी मी 'यंदा निम्मे विषय द्या' असे म्हणायला हवे होते.

घरच्यांनो, हे तुमच्यासाठी

आईने अभ्यास करावा, याला आता बहुतेक घरांत विरोध नसतो. पण 'कर की, कोण नको म्हणतंय?' एवढ्यावर वेळ मिळत नाही. रात्रीची भांडी, सकाळचा एक डबा, धाकट्याचा गृहपाठ यांपैकी निश्चित एक काम निश्चित व्यक्तीने उचलावे लागते. शिकणारा बाप असेल, तर त्याचा अभ्यासाचा तास बहुधा बायकोच्या विश्रांतीतून कापलेला असतो, हे त्यानेही ओळखावे आणि आठवड्यातून एक संध्याकाळ परत करावी. मुलांशी स्पष्ट बोला. 'आठ ते नऊ आई अभ्यास करते' असे ठरले आणि नऊ वाजता आई खरोखर त्यांची झाली, तर मुले तो तास सांभाळतात. वेळ ठरलेली नसली, तर मात्र ती सारी संध्याकाळ आईभोवती घुटमळतात.

थांबून मदत घ्यावी अशी चिन्हे

छातीत धडधड, चक्कर, विश्रांतीनंतरही धाप. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासपणा, कशातच रस न वाटणे, सारखे रडू येणे. ही अभ्यासाची किंमत नव्हे, आजाराची लक्षणे आहेत. डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगा. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे.

त्या बाईंना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले, रक्तस्रावावर उपचार झाले, चष्मा आला, झोप साडेसहा तासांवर गेली. सात अजून जमत नाहीत. त्या वर्षी त्यांनी तीनच विषय दिले. दोन सुटले, हिशेबशास्त्र राहिले. पुढच्या वेळी तेही सुटले. पदवीला एकूण पाच वर्षे लागली. बढतीचे पत्र अजून आलेले नाही, पण अर्ज आता कोणी परत करीत नाही.

त्यानंतर माझ्या केसपेपरवर मी एक रकाना वाढवला आहे. वय, व्यवसाय यांच्याखाली मी प्रत्येक प्रौढ रुग्णाला विचारते, "सध्या काही शिकत आहात का?" तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही, तर वाचकहो, तुम्ही आपणहून सांगा, आणि ते तक्रारींच्या शेवटी न सांगता सुरुवातीलाच सांगा.